कोणाचं सैन्य भारी, हे ठरवायचं कसं?

मे १९४० मध्ये जर्मनी आणि फ्रान्स यांच्या सैन्यांचा तक्ता कुणी शेजारी शेजारी मांडला असता, तर त्याने बहुधा फ्रान्सच्या बाजूने कौल दिला असता. जर्मनीने पश्चिम आघाडीवर सुमारे अडीच हजार रणगाडे उतरवले होते. एकट्या फ्रान्सकडे त्याहून जास्त होते, ब्रिटनचे वेगळेच. जर्मन रणगाड्यांतला मोठा हिस्सा पँझर-१ आणि पँझर-२ या हलक्या रणगाड्यांचा होता. पँझर-१ वर तर तोफच नव्हती, नुसत्या मशिनगन. उलट फ्रान्सच्या 'शार बी-१ बिस' या रणगाड्याचं चिलखत ६० मिलिमीटर जाडीचं होतं. जर्मनांच्या नेहमीच्या रणगाडाविरोधी तोफेचं त्याच्यापुढे फारसं काही चालत नसे. १६ मे रोजी स्टोन नावाच्या गावात असा एक फ्रेंच रणगाडा शिरला आणि तेरा जर्मन रणगाडे फोडून परत आला. त्याच्या अंगावर गोळ्यांच्या १४० खुणा मोजल्या गेल्या, एकही गोळा आरपार गेला नव्हता.

आणि २२ जूनला फ्रान्सने शस्त्रसंधीवर सही केली.

तक्त्यातले आकडे खरेच होते. पण लढाईचा निकाल ज्या गोष्टींवर ठरला, त्यांचे रकानेच त्यात नव्हते. त्यातली एक गोष्ट जरा जवळून बघू, कारण 'कोणाचं सैन्य भारी' हा प्रश्न कुठे फसतो ते तिथे स्पष्ट दिसतं.

रणगाड्याचा वरचा फिरता भाग म्हणजे टरेट. बहुतेक फ्रेंच रणगाड्यांच्या टरेटमध्ये एकच माणूस मावत असे. बाहेर नजर ठेवायची, शत्रू शोधायचा, चालकाला दिशा सांगायची, तोफेत गोळा भरायचा, नेम धरायचा आणि बार उडवायचा, ही सगळी कामं त्या एकट्याची. तो तुकडीचा प्रमुख असेल तर बाकीच्या रणगाड्यांना हुकूमही त्यानेच द्यायचे, आणि बहुतेक रणगाड्यांत रेडिओ नसल्यामुळे ते निशाणं हलवून द्यायचे. जर्मन पँझर-३ च्या टरेटमध्ये तिघं असत. एक गोळा भरणार, एक नेम धरणार, आणि तिसरा, म्हणजे कमांडर, फक्त बघणार, विचार करणार आणि रेडिओवर बोलणार. जवळजवळ प्रत्येक जर्मन रणगाड्यात निदान ऐकण्यापुरता तरी रेडिओ होता. फ्रेंच कमांडर नेम धरण्यात गुंतलेला असताना जर्मन कमांडर त्याच्या बगलेला पोचायच्या तयारीत असे. चिलखताच्या जाडीच्या रकान्यात यातलं काहीच उमटत नाही.

हीच गोष्ट वरपर्यंत होती. फ्रेंच सरसेनापती जनरल गामेलँ यांच्या व्हँसेन इथल्या मुख्यालयात रेडिओ संच नव्हता. हुकूम आघाडीवर पोचून त्यावर अंमल होईपर्यंत परिस्थिती बदललेली असे. आणि ते जाड चिलखताचे बी-१ इंधनही बेसुमार पीत. १५ मे रोजी बेल्जियममध्ये फ्लाव्हियोंजवळ फ्रान्सची एक अख्खी चिलखती डिव्हिजन इंधन भरायला थांबलेली असताना जर्मनांच्या हाती सापडली. कित्येक रणगाडे हरले नाहीत, ते जागेवर थांबले.

एवढ्यावरून 'संख्येला अर्थ नसतो' असं म्हणणं मात्र तितकंच चुकीचं ठरेल. संख्येला फार मोठा अर्थ असतो, वाटतो त्याहून मोठा. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने त्याचं गणित मांडलं. दोन्ही बाजूंकडे दूरवर मारा करणारी शस्त्रं असतील आणि प्रत्येकाला समोरच्या कुणावरही नेम धरता येत असेल, तर बाजूची ताकद तिच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते. कारण दुहेरी आहे. ज्यांची संख्या जास्त, त्यांच्या बंदुका जास्त. शिवाय त्यांच्यावर येणारा मारा जास्त लोकांत वाटला जातो.

हजार विरुद्ध सातशे असा सामना घ्या. शस्त्रं आणि कौशल्य सारखंच. हजाराचा वर्ग दहा लाख, सातशेचा चार लाख नव्वद हजार. वजाबाकी पाच लाख दहा हजार, त्याचं वर्गमूळ साधारण ७१४. म्हणजे सातशेंची बाजू पूर्ण संपेल तेव्हा हजारवाल्यांचे ७१४ जण शिल्लक असतील. संख्येत फरक तीनशेचा होता, पण सातशे माणसं गमावून दुसऱ्या बाजूने समोरच्यांचे तीनशेसुद्धा टिपले नाहीत.

आता त्याच हजारांना पाचशे-पाचशेच्या दोन तुकड्यांत गाठलं तर? पहिल्या पाचशेंशी लढून सातशेंपैकी सुमारे ४९० उरतात. त्या ४९० ची दुसऱ्या ताज्या पाचशेंशी गाठ पडली की लढाई जवळजवळ बरोबरीत सुटते. पाचशेवाल्यांचे जेमतेम शंभर उरतात. माणसं तीच, बंदुका त्याच, फक्त शत्रूला एकत्र येऊ दिलं नाही. 'फौज विखरू नका' असं सेनापती शतकानुशतकं का सांगत आले, त्याचं उत्तर या दोन ओळींच्या हिशेबात आहे. आणखी एक निष्कर्ष निघतो, तो शस्त्रखरेदीच्या चर्चेत नेहमी लक्षात ठेवावा असा आहे. संख्या निम्मी असेल तर बरोबरी साधायला शस्त्राचा दर्जा दुप्पट पुरत नाही, चौपट लागतो.

पण या गणिताची अट विसरायची नाही: प्रत्येकाला प्रत्येकावर मारा करता आला पाहिजे. अरुंद खिंडीत तसं होत नाही. १६६० साली घोडखिंडीत बाजीप्रभूंनी सिद्दी मसूदच्या फौजेला थोपवून धरलं तेव्हा मागे कितीही सैन्य असलं तरी एका वेळी तोंडावर लढू शकणारे मोजकेच होते. तिथे वर्गाचा हिशेब चालत नाही, एकास एक असा चालतो. दाट जंगलात, शहराच्या गल्ल्यांत, डोंगराळ वाटांवर कमी संख्येची बाजू टिकून राहते ती यामुळेच. जागा निवडणं म्हणजे कोणतं गणित लागू होणार हे निवडणं.

सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरण भागात असल उत्तर गावाजवळ हे पुन्हा दिसलं. पाकिस्तानच्या चिलखती डिव्हिजनकडे तेव्हाचे नवे अमेरिकी पॅटन रणगाडे होते. भारताकडे सेंच्युरियन होते, आणि त्यांच्या जोडीला दुसऱ्या महायुद्धातले जुने शर्मन. भारतीय डिव्हिजन मागे हटली आणि घोड्याच्या नालेच्या आकारात दबा धरून बसली. शेतांत पाणी सोडलं, उभ्या उसात रणगाडे आणि तोफा लपवल्या. पॅटन चिखलात रुतले, उसातून त्यांना दिसेना, आणि मारा जवळून, बगलेवर होऊ लागला. जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने एकापाठोपाठ रणगाडे टिपणारे अब्दुल हमीद इथेच धारातीर्थी पडले. त्यांना परमवीरचक्र मिळालं. पॅटनची दूरवर मारा करण्याची क्षमता खरी होती. तिला उपयोगी पडेल अशी जागाच त्या दिवशी मिळाली नाही.

यानंतर येते रसद. सैन्यांच्या तुलनेत सर्वांत कमी बोलली जाते ती हीच. आपल्याकडे पानिपतचं नाव निघालं की चर्चा शौर्याची, फितुरीची आणि दुपारनंतरच्या गोंधळाची होते. पण १४ जानेवारी १७६१ ची सकाळ उजाडायच्या आधीच अर्धी लढाई झालेली होती. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि भाऊसाहेबांच्या सैन्याची दक्षिणेकडची वाट अडवली. सैन्याबरोबर यात्रेकरू, बायकामुलं, व्यापारी आणि बाजारबुणगे यांचा फार मोठा जमाव होता. खाणारी तोंडं लढणाऱ्या हातांपेक्षा कितीतरी जास्त. रसद पाठवण्याचा भार असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले. अडीच महिने एकाच जागी अडकलेली फौज शेवटी उपाशीपोटी बाहेर पडली.

तोफखान्याचंही तसंच. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि त्याचं कवायती पायदळ यांचा दरारा होता, आणि लढाईच्या पहिल्या प्रहरांत त्यांनी शत्रूची उजवी बाजू खिळखिळी केली. पण त्या तोफा जड होत्या, फौज पुढे सरकली की मागे राहायच्या. अब्दालीकडे उंटांवर बसवलेल्या हलक्या तोफा होत्या, जंबुरके. त्यांचा गोळा लहान, पण पाहिजे तिकडे नेता येत. शिवाय अब्दालीने राखीव फौज हातची ठेवली आणि दुपारी, दोन्ही बाजू थकल्यावर, ती झोकून दिली. तोफांचे आकार मोजून यातलं काही कळलं नसतं.

हा धडा जुन्या काळापुरता नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये जगभरच्या बहुतेक क्रमवाऱ्यांत रशियाचं सैन्य पहिल्या दोन-तीनांत होतं. कीव्हच्या उत्तरेला साठ किलोमीटरहून लांब पसरलेला रशियन वाहनांचा ताफा उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसला, आणि इंधन, अन्न, सुटे भाग आणि वाहतुकीच्या अडचणींमुळे तो दिवसचे दिवस रस्त्यावरच अडकून पडला. क्रमवारी लावणारे रणगाडे मोजतात. त्या रणगाड्यांमागे किती इंधनाचे ट्रक आहेत, त्या ट्रकांचे टायर कोणत्या अवस्थेत आहेत, हे कुणी मोजत नाही.

सेनापतींची तुलना याहून अवघड. तिथे बहुतेक लोक जिंकलेल्या लढाया मोजतात. त्याने होतं काय, की ज्याला मोठी फौज आणि दुबळा शत्रू मिळाला तो थोर ठरतो, आणि ज्याने हरलेल्या परिस्थितीतून सैन्य वाचवून आणलं तो विसरला जातो. माझ्या मते सेनापतीला तीन प्रश्न विचारावेत: त्याच्या हातात काय होतं, त्याला काय माहीत होतं, आणि जे होतं त्याचं त्याने काय केलं.

दुसरा प्रश्न किती महत्त्वाचा आहे ते जर्मन सेनापती रोमेलच्या बाबतीत कळतं. १९४२ च्या पहिल्या सहामाहीत उत्तर आफ्रिकेत त्याने ब्रिटिशांना वारंवार चकवलं, आणि शत्रूच्या मनातलं ओळखण्याबद्दल त्याची ख्याती झाली. त्याची धडाडी आणि रणांगणावरची नजर निर्विवाद होती. पण त्याच काळात कैरोतले अमेरिकी लष्करी प्रतिनिधी बॉनर फेलर्स ब्रिटिश सैन्याची स्थिती, योजना आणि उणिवा यांचे तपशीलवार अहवाल वॉशिंग्टनला पाठवत होते, आणि त्यांची सांकेतिक भाषा इटालियनांनी आधीच चोरलेली होती. ते अहवाल रोमेलपर्यंत पोचत. जूनच्या अखेरीस हा झरा आटला. जुलैत त्याची रेडिओ संदेश टिपणारी खास तुकडीही ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या ऑस्ट्रेलियनांच्या हाती लागली. त्यानंतरचा रोमेल आधीसारखा शत्रूच्या मनातलं ओळखताना दिसत नाही. आता पारडं फिरलं होतं: जर्मनांचे गुप्त संदेश ब्रिटिश वाचत होते आणि ती माहिती त्यांचा सेनापती माँटगोमेरी याच्याकडे जात होती.

ऑक्टोबर १९४२ मध्ये अल अलामेनला माँटगोमेरी जिंकला तेव्हा त्याच्याकडे माणसं आणि रणगाडे जवळपास दुप्पट होते. रोमेलच्या इंधनाची जहाजं भूमध्य समुद्रात बुडवली जात होती, आणि हल्ला सुरू झाला त्या रात्री तो आजारपणामुळे ऑस्ट्रियात होता. मग माँटगोमेरी लहान ठरतो का? मला तसं वाटत नाही. पुरेशी तयारी होईपर्यंत लढाई सुरू न करणं, त्यासाठी चर्चिलचा दबाव सहन करणं, हेही सेनापतीचंच काम. फक्त दोघांची तुलना करताना एकाच्या पारड्यात त्याची दुप्पट फौज आणि दुसऱ्याच्या पारड्यात त्याची रिकामी टाकी टाकायला विसरू नये.

मला विचाराल तर सेनापती कसा जोखावा यासाठी सर्वांत चांगलं उदाहरण ब्रिटिश सेनापती विल्यम स्लिमचं आहे. त्याच्याइतकं स्वच्छ उदाहरण मिळणं कठीण, कारण तिथे माणूस तोच, शत्रू तोच, भूभागही जवळपास तोच, फक्त वर्षं वेगळी. १९४२ साली जपान्यांनी त्याला ब्रह्मदेशातून जवळपास दीड हजार किलोमीटर मागे रेटलं. १९४४ मध्ये इंफाळ आणि कोहिमाला त्याच स्लिमने जपानी सैन्याचा कणा मोडला, आणि १९४५ मध्ये ब्रह्मदेश परत घेतला.

मधल्या काळात काय बदललं? १९४३ मध्ये त्याच्या आघाडीवर जखमी होऊन मागे पाठवाव्या लागणाऱ्या प्रत्येक सैनिकामागे १२० जण आजारी पडून मागे जात होते. मलेरिया, आमांश आणि इतर जंगली रोग. सैन्य शत्रूशी लढायच्या आधीच विरघळत होतं. गोळ्या उपलब्ध होत्या, पण सैनिक त्या घेत नसत. स्लिमने अचानक तपासण्या सुरू केल्या: अख्ख्या तुकडीतल्या प्रत्येकाला तपासायचं, आणि औषधाचा अंश पुरेशा प्रमाणात सापडला नाही तर थेट तुकडीच्या प्रमुखाला काढून टाकायचं. त्याने तिघांना काढलं, बाकीच्यांना अर्थ कळला. मग दुसरा बदल. जपानी युक्ती अशी होती की जंगलातून वळसा घालून पिछाडीला यायचं, रस्ता तोडायचा, आणि ब्रिटिश फौज घाबरून मागे पळाली की तिला कापायचं. स्लिमने हुकूम दिला की वेढले गेलात तर जागेवर बसा, अन्न आणि दारूगोळा विमानातून टाकला जाईल. फेब्रुवारी १९४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या आराकान भागात हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं गेलं. जपानी सेनापती मुतागुची मात्र साधारण तीन आठवड्यांची शिधासामग्री घेऊन इंफाळवर निघाला होता. उरलेलं शत्रूच्या कोठारांतून मिळेल हा त्याचा हिशेब. कोठारं मिळाली नाहीत. त्याचे सैनिक मोठ्या संख्येने भुकेने आणि रोगाने मेले.

मलेरियाच्या गोळीची कडक तपासणी हे सेनापतीचं शौर्य म्हणून कुठल्या पुतळ्यावर कोरलं जात नाही. पण स्लिम आणि मुतागुची यांच्यातला फरक तिथेच आहे.

आता विमानं. या विषयावर सर्वांत जास्त वाद होतात, कारण विमानांचे आकडे सहज मिळतात आणि ते नेमके दिसतात: कमाल वेग इतका, पल्ला इतका, क्षेपणास्त्र इतक्या किलोमीटरचं. अडचण अशी की हे सगळे आकडे एकाच वेळी खरे नसतात. कमाल वेग असतो तो उंचावर, पंखांखाली काही न लटकवता. बॉम्ब आणि जादा इंधनाच्या टाक्या लावल्या की तेच विमान त्याच्या जवळपासही जात नाही. क्षेपणास्त्राचा जाहीर पल्ला बहुतेक वेळा गृहीत धरतो की दोन्ही विमानं खूप उंचीवर, एकमेकांच्या दिशेने वेगात येत आहेत. लक्ष्य पाठ फिरवून पळू लागलं, किंवा लढाई खाली दाट हवेत आली, की तो पल्ला काही पटींनी घटतो.

रडारबाबत एक नियम माहीत असलेला बरा. रडारला विमान किती अंतरावरून दिसेल, हे विमानाच्या प्रतिध्वनीच्या चौथ्या मुळावर अवलंबून असतं. म्हणजे विमानाचा रडारवरचा ठसा सोळा पटींनी कमी केला तर ते निम्म्या अंतरावरून दिसेल. एक दशांश अंतरावर आणायचं असेल तर ठसा दहा हजार पटींनी कमी करावा लागतो. 'स्टेल्थ' विमान, म्हणजे रडारला चुकवण्यासाठी बनवलेलं विमान, रडारला दिसतच नाही हा समज म्हणूनच चुकीचा आहे. ते उशिरा दिसतं. आणि थोडाफार ठसा कमी केल्याच्या जाहिरातीने भारावून जाण्यातही अर्थ नाही, कारण चौथं मूळ तो फायदा खाऊन टाकतं.

नुसत्या आकड्यांवरून आणि छायाचित्रांवरून तुलना केली की काय होतं, त्याचं ठळक उदाहरण म्हणजे मिग-२५. साठच्या दशकाच्या अखेरीस हे सोव्हिएत विमान पाश्चात्त्यांच्या नजरेस पडलं आणि त्यांची झोप उडाली. वेगाचे आणि उंचीचे जागतिक विक्रम त्याच्या नावावर होते. १९७१ मध्ये सिनाईवर इस्रायली रडारने त्याचा एक वेग ध्वनीच्या तिप्पटीहून जास्त नोंदवला. छायाचित्रांत प्रचंड पंख दिसले, आणि मोठे पंख म्हणजे चपळ वळणं, असा अर्थ लावला गेला. इतकं वेगवान आणि इतकं चपळ विमान सोव्हिएतांनी बनवलं असेल तर आपल्याकडे त्याच्या तोडीचं काही नाही, या धास्तीने अमेरिकेच्या एफ-१५ या नव्या लढाऊ विमानाकडूनच्या अपेक्षा उंचावल्या.

६ सप्टेंबर १९७६ रोजी व्हिक्टर बेलेन्को हा सोव्हिएत वैमानिक आपलं मिग-२५ घेऊन जपानमधल्या हाकोदातेच्या नागरी विमानतळावर उतरला. विमान सुटं करून तपासलं गेलं. सांगाडा बहुतांशी पोलादाचा निघाला, टायटॅनियमचा वापर मोजक्याच जागी. रडारमध्ये व्हॅक्यूम ट्यूब, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीचं जुनं तंत्र, होत्या. पूर्ण भरलेलं वजन ३५ टनांच्या वर. ते मोठे पंख चपळाईसाठी नव्हते, एवढं वजन विरळ हवेत उचलण्यासाठी होते. जोरात वळायला ते बांधलेलंच नव्हतं. तिप्पट वेगाने उडवलं की इंजिनं निकामी व्हायची. वैमानिकांना त्याच्या बऱ्याच खाली राहायचे आदेश होते.

मग विमान वाईट होतं का? मुळीच नाही. उंचावरून येणाऱ्या वेगवान बॉम्बर विमानांना सरळ रेषेत गाठायचं, एवढ्याच कामासाठी ते बनलं होतं, आणि ते काम त्याला चांगलं जमायचं. भारतीय वायुदलाने त्याची टेहळणीची आवृत्ती १९८१ पासून २००६ पर्यंत वापरली. छायाचित्रं काढून निघून जायचं, या कामाला उंची आणि वेग हेच पाहिजेत. पाश्चात्त्यांची चूक माहितीच्या कमतरतेची होतीच, पण मुख्य चूक ही की हे विमान कशासाठी बनवलं आहे हे विचारण्याआधी ते आपल्या विमानापेक्षा चांगलं आहे का, हे विचारलं गेलं.

कोरियाच्या युद्धातली अमेरिकी सेबर आणि सोव्हिएत मिग-१५ यांची जोडीही अशीच. मिग जास्त उंच जायचं, जास्त वेगाने चढायचं, आणि त्याच्या तोफा मोठ्या होत्या: दोन २३ मिलिमीटरच्या, एक ३७ ची. सेबरकडे सहा १२.७ मिलिमीटरच्या मशिनगन. कागदावर मिगचं पारडं जड. पण सेबरच्या काचेच्या घुमटातून वैमानिकाला चौफेर दिसायचं, नियंत्रणं हायड्रॉलिक जोरावर चालायची, नेम धरायला रडारची मदत असायची, आणि जास्त वेगात मिगपेक्षा ते नीट हाताळता यायचं. अमेरिकी वैमानिक जॉन बॉयड यांनी पुढे याचा खोलवर अभ्यास केला. विमान एका हालचालीतून दुसऱ्या हालचालीत किती पटकन जातं आणि वैमानिकाला परिस्थिती किती लवकर कळते, यावर त्यांनी भर दिला. त्या टरेटमधल्या तिसऱ्या माणसाचं कामही हेच होतं.

वैमानिकाचा वाटा किती, हे व्हिएतनाममध्ये जवळपास प्रयोगासारखं कळलं. १९६५ ते १९६८ या काळात अमेरिकी नौदलाची फँटम विमानं हवाई झुंजींत आपलं एक गमावून शत्रूची साधारण दोन पाडत होती. तंत्रज्ञानातली आघाडी बघता हे फारच निराशाजनक होतं. क्षेपणास्त्रं वारंवार चुकत, आणि जवळच्या झुंजीचं प्रशिक्षण जवळजवळ बंद झालेलं होतं. नौदलाने चौकशी केली आणि मार्च १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मिरामारला एक शाळा सुरू केली. तिथे लहान, चपळ स्कायहॉक विमानांना मिग समजून त्यांच्याशी झुंजायला शिकवलं जाई. युद्धाच्या पुढच्या टप्प्यात नौदलाचं प्रमाण एकास बाराच्या घरात गेलं. अमेरिकी वायुदलाने आपल्या नव्या फँटममध्ये तोफ बसवली, पण प्रशिक्षण तसंच ठेवलं, आणि त्यांच्या प्रमाणात तशी सुधारणा दिसली नाही. नौदलाच्या फँटममध्ये तर अंगची तोफ शेवटपर्यंत नव्हतीच.

विमानांची संख्या बघताना त्यांतली आज सकाळी किती उडू शकतात आणि दिवसातून किती वेळा उडतील, हे विचारावं. शंभर विमानांपैकी निम्मीच उडण्याजोगी असतील आणि प्रत्येकाच्या दोन फेऱ्या होत असतील, तर दिवसाला शंभर उड्डाणं. साठ विमानांपैकी अठ्ठेचाळीस तयार असतील आणि प्रत्येकाच्या चार फेऱ्या होत असतील, तर एकशे ब्याण्णव. ५ जून १९६७ रोजी इस्रायलने दोनशेच्या आसपास लढाऊ विमानांनी इजिप्तचं वायुदल सकाळच्या काही तासांत जमिनीवरच उद्ध्वस्त केलं. त्यात अचूक वेळ आणि गुप्तवार्ता होत्याच, पण परतलेल्या विमानात काही मिनिटांत इंधन आणि बॉम्ब भरून त्याला पुन्हा उडवणारे तंत्रज्ञही होते. विमानतळावरच्या त्या माणसांनी वायुदल जणू दुप्पट केलं.

सरावांचे निकाल वाचतानाही सावध राहावं. २००४ साली ग्वाल्हेरला झालेल्या 'कोप इंडिया' सरावात भारतीय सुखोई, मिराज आणि मिग-२१ बायसन यांनी अमेरिकी एफ-१५ ना चांगलंच सतावलं. भारतीय वैमानिकांचं कौशल्य आणि अनपेक्षित डावपेच यांचं अमेरिकी अधिकाऱ्यांनीही कौतुक केलं, आणि ते योग्यच होतं. पण त्या सरावात अमेरिकी विमानं संख्येने कमी होती आणि लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या वापरावर मर्यादा होत्या. सराव शिकण्यासाठी असतो; त्याचे नियम मुद्दाम एका बाजूला अवघड केलेले असतात. त्यावरून विमानांची क्रमवारी लावणं त्या वैमानिकांच्या मेहनतीवरही अन्याय करणारं आहे.

पाडलेल्या विमानांचे दावे तर त्याहून जपून घ्यावेत. कोरियात अमेरिकेने सांगितलेलं दहास एक हे प्रमाण नंतरच्या अभ्यासांत बरंच खाली आलं. १५ सप्टेंबर १९४० रोजी ब्रिटनने एका दिवसात १८५ जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं. प्रत्यक्षात ती साठच्या आसपास होती. यात खोटेपणा कमीच असतो. एकाच पडत्या विमानावर तिघं गोळ्या झाडतात आणि तिघंही प्रामाणिकपणे ते आपलं समजतात. काळा धूर सोडत खाली गेलेलं विमान ढगाखालून घरी पोचतं.

पण असे दावे खरे मानून पुढचा निर्णय घेतला, तर काय होतं ते जर्मनीने त्याच उन्हाळ्यात अनुभवलं. ऑगस्टच्या मध्यावर जर्मन गुप्तवार्ता विभागाने, आपल्या वैमानिकांचे दावे बेरजेत धरून, ब्रिटनकडे जेमतेम तीनशे लढाऊ विमानं उरली असल्याचा अंदाज दिला. प्रत्यक्षात ती त्याच्या दुपटीहून जास्त होती. ब्रिटिश कारखाने महिन्याला चारशेहून जास्त लढाऊ विमानं बनवत होते, हेही त्या अंदाजात नीट धरलेलं नव्हतं. मायभूमीवर पॅराशूटने उतरलेला ब्रिटिश वैमानिक दुसऱ्या दिवशी पुन्हा उडतो आणि जर्मन वैमानिक युद्धकैदी होतो, हेही नव्हतं. आणि रडार केंद्रं, टेहळे, टेलिफोनच्या तारा आणि नियंत्रण कक्ष यांची जी साखळी एअर चीफ मार्शल डाउडिंग यांनी उभी केली होती, तिचं महत्त्व तर त्यांना कळलंच नव्हतं. त्या साखळीमुळे ब्रिटिश विमानांना आकाशात गस्त घालत इंधन जाळावं लागत नव्हतं. शत्रू निघाला की ती निघत. जर्मन मेसरश्मिट आणि ब्रिटिश स्पिटफायर ही विमानं जवळजवळ तोडीस तोड होती, पण मेसरश्मिटला लंडनवर लढायला इंधन पुरायचं ते जेमतेम दहा मिनिटं.

ब्रिटिशांचाही जर्मन वायुदलाबद्दलचा अंदाज चुकलेलाच होता, मात्र उलट दिशेने. ते जर्मनांना होते त्याहून बलाढ्य समजत होते, आणि म्हणून विमानं आणि वैमानिक जपून वापरत, लांबणाऱ्या लढाईची तयारी करत होते. ७ सप्टेंबरला, शत्रू संपत आला आहे या समजुतीत, जर्मनांनी विमानतळ सोडून लंडनकडे मोर्चा वळवला. १५ तारखेला लंडनवर पोचलेल्या जर्मन वैमानिकांना, संपलेल्या वायुदलाची विमानं समोरून तुकड्यांमागून तुकड्या येताना दिसली. दोन दिवसांनी हिटलरने ब्रिटनवरची स्वारी बेमुदत पुढे ढकलली.